पथ्यावर पडलेली सुट्टी

दिवाळीच्या सुट्टीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ती मुलांना असते. मुलांची फक्त शाळा बंद होते. सहामाहीचा शेवटचा पेपर झाला, की शाळा कुलूप लावून पोरांना आईबापांच्या स्वाधीन करते. आणि आईबापांच्या कचेऱ्या तर लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवसापर्यंत सुरूच. मधल्या काळात या पोरांचं करायचं काय, हा प्रश्न शिक्षण खात्याने सोडवलेला नाही आणि कामगार खात्याच्या तर टेबलावरही आलेला नाही. तो सोडवण्याची जी घरगुती व्यवस्था आहे, तिला आजोळ म्हणतात. पूर्वी आजोळ म्हटलं की आमराई, विहीर आणि बैलगाडी असायची. हल्ली आजोळ म्हणजे ज्यांना रजेचा अर्ज करावा लागत नाही अशी दोन माणसं.

आमचं आजोळ साताऱ्यात आहे. पुढे लहानसं अंगण, अंगणात तुळस, आणि मान वर केली की अजिंक्यतारा. मी पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. बायको कशातूनच निवृत्त झालेली नाही. लेक-जावई ठाण्याला असतात. शनिवारी रात्री खंबाटकी घाटातल्या गर्दीला नावं ठेवत दोघं आली, झोपलेल्या नातीला गादीवर ठेवलं आणि रविवारी जेवून परत गेली. भाऊबीजेला दोघं येणार होतीच, तोवर नात आमच्या ताब्यात. तिच्याबरोबर कपड्यांची एक बॅग आली, खेळण्यांची एक बॅग आली आणि माझ्या मोबाइलवर दोन याद्या आल्या.

पहिली यादी नातीची. गोड दिवसातून एकदाच. मोबाइल आणि टीव्ही मिळून अर्धा तास. बाहेरचं खाणं बंद. भाज्या सगळ्या. उन्हात टोपी. नऊला झोप. दुसरी यादी माझी होती. लेकीने बहुधा विचार केला असावा, की लिहायला बसलोच आहोत तर बाबांचंही उरकून टाकू. गोड अजिबात नाही. रात्रीच्या टीव्हीवरच्या चर्चा बंद, त्याने रक्तदाब वाढतो. बाहेरचं खाणं बंद. भाज्या सगळ्या. उन्हात टोपी. दहाला झोप. रोज सकाळी चालणं. शेवटी हात जोडलेलं एक चित्र, म्हणजे विनंती वाटावी. पण तो हुकूम होता, हे न कळण्याइतकी माझी सरकारी नोकरी कमी झालेली नाही.

माझा मोबाइल माझ्यापेक्षा नातीला जास्त कळतो. तिने तो हातात घेतला, मेसेज उघडला आणि बोट ठेवत ठेवत दोन्ही याद्या वाचून काढल्या. दुसरीतली मुलगी म्हणून मला तिच्या वाचनाचं कौतुक वाटलं. आजोबा म्हणून थोडी काळजी वाटली. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "आबा, आपली लिस्ट सेमच आहे."

मी म्हणालो, "तुला दिवसातून एकदा गोड आहे. मला तेही नाही."

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेने आजवर माझ्याकडे एकाही वरिष्ठाने पाहिलेलं नाही. त्या नजरेत कणव होती आणि कटही होता.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट लख्ख झाली. लोक म्हणतात आजोबा आणि नात यांच्यात दोन पिढ्यांचं अंतर असतं. चूक. त्यांच्यामध्ये एक अख्खी पिढी असते, आणि ती पिढी म्हणजे सरकार. काय खायचं, किती वाजता झोपायचं, थंडी वाजते की नाही, हे सगळं तीच ठरवते. सात वर्षांचं माणूस आणि सत्तरीचं माणूस, दोघंही तिची प्रजा. दोघांच्याही हाताला रस्ता ओलांडताना धरलं जातं. दोघांशीही जरा मोठ्या आवाजात आणि सोप्या शब्दांत बोललं जातं. दोघांनी "मला भूक नाही" म्हटलं, तर कोणी विश्वास ठेवत नाही. "मला भूक लागली" म्हटलं, तरी नाही. आजोबा आणि नातवंडं यांचं गूळपीठ का असतं, यावर लोकांनी पुष्कळ हळवं लिहून ठेवलं आहे. कारण साधं आहे: दोघांचा तक्रारअर्ज एकाच साहेबाकडे जातो.

तेव्हा आम्ही तह केला. तहाची कल्पना माझी, कारण नातीला सुट्टीचा प्रकल्प किल्ल्यांवर मिळाला होता आणि मी तिला पुरंदरचा तह सांगत होतो. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंगांशी तह करताना महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले, पण १२ राखता आले. "म्हणजे मोठी लिस्ट द्यायची आणि छोटी लिस्ट ठेवायची," नात म्हणाली. इतिहासाच्या पेपरात या उत्तराला किती गुण मिळतील कोण जाणे, मी पैकीच्या पैकी दिले. आमचंही तसंच ठरलं. यादीतली मोठी कलमं, म्हणजे झोप, भाजी आणि टोपी, बिनशर्त द्यायची. बारकीसारकी राखायची.

राखलेलं पहिलं ठाणं म्हणजे कंदी पेढा. चालणं डॉक्टरांच्या हुकमाने, पण दिशा तर आमच्या मर्जीची. त्यामुळे सकाळी घरातून निघालेलं आरोग्य मोती चौकाच्या आसपास पोचायचं. साताऱ्याचा कंदी पेढा माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: खवा चांगला खरपूस भाजलेला असतो आणि साखर बेताची. हा बेताचा मुद्दा माझ्या बाजूने मजबूत होता. तरी नातीने कायदा जास्त बारकाईने वाचला होता. तिने एका पेढ्याचे दोन तुकडे केले, एक मला दिला आणि म्हणाली, "लिस्टमध्ये पेढा नाही असं आहे. अर्धा पेढा नाही असं कुठेय?" मी नोकरीत कंत्राटदारांच्या वकिलांशी पुष्कळ भांडलो आहे. ही मुलगी तेव्हा समोरच्या बाजूला नव्हती, हे खात्याचं नशीब.

पेढ्याचं ठाणं मैदानी होतं, सहज पडलं. खरी लढाई होती फराळाची. आमच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे जंजिरा आहे. जंजिरा मराठ्यांच्या हाती कधीच लागला नाही. महाराजांनी प्रयत्न केले, आणि संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव टाकून तिथवर पोचायचं मनावर घेतलं होतं. आमच्या जंजिऱ्यात फळीवर स्टीलचे डबे ओळीने मांडलेले. चिवडा, शेव, शंकरपाळे, लाडू, करंज्या, चकल्या. वसुबारसेच्या आधीच सगळं तयार, आणि सगळ्यांवर एकच आदेश: नैवेद्याआधी हात लावायचा नाही. भाजणी खमंग असली की चकलीचा वास तीन घरं ओलांडून जातो. तो नातीच्या नाकावरून रोज दुपारी जायचा, आणि तिच्या शेजारी माझंही नाक असायचं.

मोहीम दुपारी आखली. हिची वामकुक्षीची वेळ. भराव म्हणून स्टूल. स्टूलवर मी, स्टूल धरायला नात. हात डब्यापर्यंत पोचला. पण स्टीलच्या डब्याचं झाकण हे घरातलं सर्वांत इमानी माणूस आहे; आत काय आहे हे ते कोणाला सांगत नाही, पण उघडलं हे मात्र गल्लीला कळवतो. झाकण वाजलं. आतल्या खोलीतून आवाज आला, "अहो, मांजर आलंय का?"

मी म्हणालो, "हो, आलंय खरं."

"मग त्याला सांगा, चकल्या डावीकडच्या डब्यात आहेत. तो अनारशांचा आहे, मोडतील."

जंजिरा पडला नाही. जंजिऱ्याने दरवाजा उघडून दिला, आणि त्यामुळे चकलीतली निम्मी चव गेली. नात मात्र विचारात पडली. चकली खाता खाता म्हणाली, "आबा, आजी कोणाच्या पार्टीत आहे?" या प्रश्नाचं उत्तर मी लग्न झाल्यापासून शोधतो आहे.

आता प्रकल्पाकडे वळतो. महाराजांशी निगडित बारा किल्ले युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. नातीच्या शाळेने सांगितलं होतं, यातला कोणताही एक करून त्याचे फोटो काढून आणा. मी यादी वाचली. साल्हेर आहे, शिवनेरी आहे, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आहे. अजिंक्यतारा नाही. ज्या गडाकडे पाहत मी रोज दात घासतो, ज्याच्या पायथ्याशी शाहू महाराजांची राजधानी होती, तो यादीत नाही. मी नातीला १७०८ सालचा शाहू महाराजांचा राज्याभिषेक इथेच कसा झाला ते सांगितलं, मग पेठा कशा वसल्या ते सांगितलं, मग पुणेकरांचा सिंहगडही यादीत नाही, तेवढाच काय तो दिलासा, हेही सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अपील करता येतं का?"

मग आम्ही प्रतापगड घेतला. तो सातारा जिल्ह्यात आहे. जिल्ह्याची अब्रू राहिली.

पहिल्या दिवशी मी वहीत नकाशा काढला. १६५६ साली मोरोपंत पिंगळ्यांनी हा गड बांधून घेतला, तो काही अंगणात पोतं टाकून वर माती लोटून नव्हे. वरचा बालेकिल्ला, खालचा भाग, पुढे आलेली माची, सगळं मापात हवं. मी अंदाजपत्रक लिहिलं: विटांचे तुकडे, दगड, गोणपाट, तांबडी माती, गेरू, पेरायला हळीव. नात शेजारी फावडं घेऊन उभी. "आबा, माती कधी टाकायची?" आधी आखणी, मग मंजुरी, मग पाया, मग माती, असा क्रम मी समजावला. मंजुरी कोण देणार, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मीच. "मग दे ना." नोकरीच्या काळात इतकी साधी सूचना मला कोणी केली असती, तर जिल्ह्यातले कितीतरी कालवे वेळेवर झाले असते. मी मंजुरी दिली. वर पाहतो तो पूर्वेचा बुरूज उभा राहिलेला होता, आणि नकाशावर एक चिखलाचा पंजा उमटला होता, जणू सहीशिक्का.

किल्ला झाला, हळीव पेरले, पाणी शिंपडलं. बाजारातून मावळे आणले, तोफा आणल्या आणि सिंहासनावरचे महाराज आणले. मूर्ती कुठे ठेवायची यात नातीने काही चालवून घेतलं नाही: सर्वांत वर. बाकी गडाची वस्ती तिने आपल्या समजुतीप्रमाणे केली. माचीवर भाजीवाली बसली. गुहेत वाघ असायचा तिथे डायनासोर आला, "कारण वाघ सगळ्यांकडेच असतो." आणि मुख्य दरवाजाशी तिने एक मावळा उभा केला, त्याच्यासमोर काड्यापेटीचं टेबल ठेवलं आणि टेबलावर कागदाचा कपटा. हे काय, म्हटलं. ती म्हणाली, "सिक्युरिटी."

ठाण्याच्या उंच इमारतीत वाढलेलं ते पोर. तिथे दूधवाला असो की सख्खा मामा, खालच्या गेटवर नाव सांगतो, वर मोबाइल वाजतो, वरून होकार जातो, मग लिफ्ट. त्यामुळे मी १० नोव्हेंबर १६५९ ची गोष्ट रंगवून सांगायला लागलो, खान शामियान्याकडे निघाला म्हणालो, तेवढ्यात तिने मला थांबवलं.

"खानाला अप्रूव्ह कोणी केलं?"

"महाराजांनीच बोलावलं होतं त्याला. पण गडावर नाही, खाली, पायथ्याजवळ."

"म्हणजे गेस्टला घरात नाही घेतलं, खाली लॉबीत भेटले." तिने मान डोलावली. "बरोबर केलं. आई पण तसंच करते."

साऱ्या आयुष्यात ही गोष्ट मी कितीदा ऐकली असेल, वाघनखं आणि चिलखत यांच्या पुढे माझी नजर गेली नव्हती. भेटीची जागा आपण ठरवायची, हा त्या दिवसाचा मोठा डाव होता, आणि तो या पोरीला इमारतीच्या गेटवरून कळला.

रात्री हिरकणी सांगितली. रायगडाचे दरवाजे सांजेला बंद झाले, दूध घालायला आलेली हिरकणी गडावर अडकली, पहारेकरी सोडीनात, घरी तान्हं बाळ, म्हणून ती अंधारात कडा उतरून गेली. ही गोष्ट ऐकून माणसं गहिवरतात, निदान गहिवरावं अशी अपेक्षा असते. नात आधी पहारेकऱ्यांच्या बाजूने गेली. वॉचमनकाकांना रूल असतो म्हणाली. मग बराच वेळ गप्प. नऊ वाजून गेले होते, तहाप्रमाणे झोपायला हवं होतं. मला वाटलं झोपलीच. तर अंधारातून प्रश्न आला, "पण आबा, बाळाची आजी कुठे गेली होती?"

याचं उत्तर बखरीत नाही. पण प्रश्न रास्त आहे. आजी घरात असती तर हिरकणी रात्रभर गडावर निवांत राहिली असती, सकाळी दरवाजे उघडल्यावर चालत खाली आली असती आणि रायगडाला एक बुरूज कमी पडला असता. हिरकणीच्या कड्याची आठवण ठेवायला बुरूज आहे. आजी घरात असल्यामुळे जे जे कडे उतरावे लागले नाहीत, त्यांची नोंद कोण ठेवणार? ही शेजारच्या कॉटवरून म्हणाली, "झोपा आता दोघंही." तिने ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी नातीच्या ताटात तूप जरा जास्त होतं.

आमच्या युतीत एकदाच फूट पडली, ती फटाक्यांवरून. शाळेत तिने हात पुढे करून शपथ घेतली होती, फटाके उडवणार नाही. मी म्हटलं, शपथ तू घेतलीस, मी नाही. एक लवंगी माळ लावतो. तिने माझी यादी काढून मोठे आवाज टाळण्याबद्दलचं एक कलम दाखवलं. ते त्या यादीत आधी होतं असं मला आठवत नाही. मी म्हणालो, सुप्रीम कोर्टाने २०१८ साली रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली आहे, म्हणजे आठ ते दहा तरी चालतं. तिने घड्याळाकडे पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. मी युक्तिवादाला सुरुवात साडेनऊला केली होती. तिने मध्ये इतके प्रश्न का विचारले, ते मला तेव्हा कळलं. कालपर्यंत माझ्याबरोबर चकल्या चोरणारी प्रजा अशी डोळ्यांदेखत सरकार झाली. सरकारं बहुधा अशीच तयार होतात.

नरकचतुर्दशीला पहाटे उठवायचं काम माझ्याकडे होतं, प्रत्यक्षात तिने मला उठवलं. तेल, उटणं, ऊन ऊन पाणी, बाहेर अजून अंधार. तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायला सांगितलं आणि नरकासुराची गोष्ट दोन वाक्यांत उरकली. तिने कारीट फोडलं, तोंड कडू केलं आणि म्हणाली, "दर वर्षी हाच असतो? मागच्या वर्षी नीट मारला नव्हता का?" धर्मशास्त्राचा हा भाग मी हिच्याकडे वर्ग केला. हिने तिच्या हातात करंजी दिली. धर्मशास्त्रातले बरेच प्रश्न असे मिटतात.

दुपारी मी दिवाळी अंक वाचतो. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून महाराष्ट्रातले पुरुष दिवाळीत जेवणानंतर साहित्य उघडून छातीवर ठेवतात. नातीसाठी 'किशोर' आणला होता. ती माझ्या शेजारी पालथी पडून एकेक शब्द जोडत वाचायची. थोड्या वेळाने विचारायची, "आबा, झोपलास?" मी म्हणायचो, "वाचतोय." ती म्हणायची, "मग पान उलट."

भाऊबीजेला सरकार आलं. लेकीने आल्या आल्या दोघांची तपासणी केली. नातीच्या गालांवरून हात फिरवला, माझ्या पोटाकडे पाहिलं. "गोड किती खाल्लं?" नात ताठ उभी राहून म्हणाली, "मी एकसुद्धा आख्खा पेढा खाल्ला नाही. आबाने पण नाही." शब्दाशब्दाने खरं होतं ते. मी साक्षीदार म्हणून मान हलवली. हिने चहाचा कप पुढे केला आणि काही बोलली नाही. जंजिरा त्या दिवशी आमच्या बाजूने होता.

त्या रात्री सगळी निजानीज झाल्यावर स्वयंपाकघरात स्टीलचं झाकण वाजलं. मी गादीवर, नात माझ्या शेजारी जागी. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्ही दोघं तर इथे होतो. हिने कूस न बदलता सांगितलं, "चकल्या डावीकडच्या डब्यात आहेत गं."

"मिळाल्या, आई," लेकीचा आवाज आला. तोंड भरलेलं होतं.

नात उठून बसली. तिच्या चेहऱ्यावर मोठा शोध लागल्याचा आनंद होता. "आबा, आईला पण लिस्ट आहे?" मी म्हटलं, असेल, ती स्वतःच स्वतःला लिहून देत असेल. दुसऱ्या दिवशी लेक दहापर्यंत झोपली आणि तिला कोणी उठवलं नाही. उलट तिच्या खोलीबाहेर आवाज करू नये म्हणून नातीने मला दोनदा दटावलं.

निघताना किल्ल्याचे फोटो काढून झाले. हळीव तोवर चांगले वर आले होते. मोडून ठेवू का, असं मी विचारलं, तर नातीने वहीचं पान फाडून माझ्या हाती आदेश दिला: आबा हे प्रतापगडचे किल्लेदार. रोज पाणी. रोज फोटो. डायनासोरला हलवायचं नाही. खाली सही. पगाराचा उल्लेख नव्हता, पण निवृत्तीनंतर पुनर्नियुक्ती मिळणं हाच मान असतो.

आता तुळशीचं लग्न तोंडावर आलं आहे आणि हिला अंगण मोकळं हवं आहे. हळीव वीतभर वाढून मावळे गवतात बुडाले आहेत, भाजीवालीचा नुसता अंबाडा दिसतो. किल्ला कधी हलवताय, असं हिने सकाळी विचारलं, दुपारी विचारलं. मी तिला नीट समजावून सांगितलं, की हे बांधकाम जागतिक वारशाच्या प्रकल्पातलं आहे, तोंडी मागणीवर हलवता येत नाही; लेखी अर्ज करावा लागेल, तो किल्लेदाराकडे द्यावा लागेल, आणि ठाण्याहून मंजुरी यावी लागेल. तिने खरोखरच अर्ज लिहून दिला. तो माझ्या टेबलावर आहे. विचाराधीन आहे.